विरजलेला पासवर्ड

ती घटना आठवली की आजही हसू येतं आणि कानही तापतात. उल्हासनगरला मी इन्स्पेक्टर होते. चोर आपल्याला नुसत्या नजरेने ओळखू येतो, अशी तेव्हा माझी समजूत होती. आता चष्मासुद्धा नात शोधून देते.

चामटोली गावची एक मुलगी पोलीस ठाण्यात आली. तिचा नर्सिंगचा प्रवेश कॉलेजच्या साइटवरच्या तिच्याच खात्यात शिरून कुणीतरी रद्द केला होता. मुदत उरली होती दोन दिवस. खबरी म्हणाला, "मॅडम, कॉलेजचा कॉम्प्युटर सांभाळतो ना, तो सिंधी पोरगा. सगळ्यांचे पासवर्ड त्याच्याकडेच." झालं! भर गल्लीत, त्याच्या आईसमोर, मी त्याला जीपमध्ये घातलं.

"पासवर्ड कुणाला दिलास?"

"कसम से मॅडम, आमच्याकडे पासवर्ड नसतोच."

"मग मशीन ओळखतं कसं? वासावरून?"

तीन तास टेबल आपटलं. शेवटी आमची महिला कॉन्स्टेबल चहा ठेवता ठेवता म्हणाली, "मॅडम, खरं बोलतोय तो. कुलूप असतं तर किल्लीने उघडलं असतं. पण मशीन पासवर्ड विरजून ठेवतं. दह्याचं परत दूध होत नाही. आपण पासवर्ड टाकला की ते पुन्हा विरजतं आणि दही तेच आलं का, एवढंच बघतं."

म्हणजे आत शिरणाऱ्याला दूधच, मूळ पासवर्डच, ठाऊक होतं! मुलीला तिचा पासवर्ड विचारला.

"गावदेवीचं नाव आणि घराचा नंबर. आमच्या घरात सगळे तोच ठेवतात."

लॉगिनची नोंद मागवली. फोन निघाला तिच्या सख्ख्या भावाचा, अंबरनाथला कारखान्यात कामाला होता तो. ठाण्यात येऊन ढसाढसा रडला. "ही होस्टेलला एकटी कशी राहील, मॅडम?"

"तुझ्यापेक्षा बरी राहीन, दादा," बहीण म्हणाली आणि तिने तक्रार मागे घेतली. आमच्या पत्रावर शेवटच्या दिवशी तिचा प्रवेश पूर्ववत झाला.

लॉगिनची नोंद मागवणारं पत्र मी पहिल्याच तासाला धाडायला हवं होतं. रद्द झालेला प्रवेश परत मिळाला; पण जीपमध्ये बसवलेला माणूस गल्लीच्या डोळ्यांतून सहज खाली उतरत नाही. म्हणून मी वर्दीत, पायी, त्याच गल्लीत गेले आणि शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी माफी मागितली. पुढे नोकरीभर आधी नोंद, मग जीप.

त्याच्या आईने कढी-भात वाढला. माउलीला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "दही मस्त लागलंय हं."

पोरगा पहिल्यांदाच हसला. "मॅडम, सिंधी कढीत दही नसतंच."