हातविंच आणि चाकामागचा दगड

हळदीच्या वासात वंगणाचा वास मिसळला की जो तिसराच एक गंध जन्माला येतो, त्याला आपल्या भाषेत नाव नाही. सांगलीच्या पेठेत अण्णांच्या दुकानात मी तो पहिल्यांदा छातीभर घेतला. पलीकडे हळदीचं गोदाम, अलीकडे साखळ्या, पुल्या आणि आकड्यांचं लोखंडी अरण्य, आणि मध्ये फळीवर शेजारी शेजारी मांडलेले दोन हातविंच. रुतलेली गाडी हाताच्या बळावर बाहेर ओढायची ही यंत्रं. दोहोंतून एक निवडायचा, बास! पण उंबऱ्यावरचं कोवळं ऊन सरकत सरकत माझ्या चपलांपर्यंत आलं, तरी माझं काही ठरेना.

तुमचं होतं का हो असं कधी? मी तर जन्माचाच संभ्रमी माणूस. हॉटेलात मिसळ मागवावी की वडा, या चिंतनात असताना वेटर दोनदा टेबल पुसून जातो. चपला घ्यायला गेलो तर दुकानदार आधी वैतागतो, मग काळजीनं चहा पाजतो. पण त्या दिवशीचा घोळ निराळा होता, आणि त्याचं कारण त्या लोखंडात नव्हतं.

माझी बायको वैशाली जनावरांची डॉक्टर. आम्ही राहतो कोरेगावात. तिचे रोगी मात्र माणच्या उघड्याबोडक्या माळावर, मेंढ्या आणि शेळ्या. डांबर संपतं तिथून पुढं तिची जुनी जीप चालू लागते, आणि परतीच्या पावसात एखाद्या ओढ्यातल्या गाळात हमखास रुतते. अशा वेळी मागून ढकलायला आजवर मी होतो. गाडी चालवायला मी शिकलो नाही, सुई पाहिली की मला घेरी येते. पण ढकलणं हे माझं स्वतःचं काम होतं! तोंडावर चिखल झेलत ‘हं, दे आता!’ असं ओरडण्यात केवढा पुरुषार्थ वाटायचा म्हणून सांगू! यंदा मणक्याचं ऑपरेशन झालं आणि ढकलणं, उचलणं कायमचं बंद झालं. वाड्यावस्त्यांवरचे हातीपायी धड पुरुष सगळे मुंबईला; हाकेला ओ देणार कोण? विंच मिळाला नाही तर यंदापासून लांबच्या वाड्या सोडाव्या लागतील, असं वैशाली म्हणाली, आणि म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणून मी निघालो. ज्याच्या येण्यानं आपली जागा जाणार, त्याची निवड आपणच करायची, हा कसला विलक्षण योग!

त्या दोहोंतला मोठा विंच दांडगा आणि शहाणा. तार त्याच्या एका बाजूनं आत शिरते, दुसऱ्या बाजूनं बाहेर पडते. दांडा पुढेमागे केला की पोटातले जबडे आळीपाळीनं तार धरतात, आणि गाडी हवी तितकी लांब येते, थांबवाल तिथे थांबते. एकटं माणूस पुरतं. वजन मात्र पाट्यासारखं. लहान विंच हलका, दातेरी चक्राचा, खटक्याचा. पण त्याची तार आखूड. गाडी जराशी सरकली की तार संपते. मग चाकामागं दगड लावायचा, तार सोडायची, आकडा साखळीच्या पुढच्या कडीत घ्यायचा आणि पुन्हा ओढायचं. कुणी म्हणेल, यात विचार तो काय करायचा? मीही तेच म्हणत होतो आणि तरीही विचारच करत होतो. अखेर अण्णांचा संयम सुटला. ‘गाडी वैनींची, ओढणार वैनी, मग तुमी का डोकं पिकवताय?’ असं म्हणून त्यांनी हळद घेऊन साताऱ्याकडे निघालेल्या टेम्पोत मला आणि दोन्ही विंचांना बसवलं. वापरून बघा, एक ठेवा, एक परत आणा, असा त्यांचा निवाडा झाला.

त्याच आठवड्यात म्हसवडपलीकडच्या एका वाडीवरून हिराबाईचा फोन आला. तिची मेंढरं तोंडं येऊन चरायची थांबली होती. नको म्हटलं तरी मी जीपमध्ये जाऊन बसलो. वाडीखालच्या ओढ्यात गाडी अशी काही बसली, जणू तिला तिथंच राहायचं होतं. विंचाला दोन टोकं असतात हे मला दुकानातच कळलं होतं. एक गाडीला, दुसरं कशाला तरी घट्ट उभ्या असलेल्याला. पण माणच्या माळावर घट्ट उभं असतं तरी काय? गुडघाभर बोरी, वाळलेलं कुसळी गवत, आणि चढाच्या माथ्यावर एकुलता एक लिंब. मी मोठ्या उत्साहानं त्याच्या बुंध्याला साखळी घातली, आणि वरून हिराबाईची आरोळी आली. ‘आवं दाजी, सोडा ती साखळी! बिरोबाचं झाड हाय ते. कौल घेतल्याबिगार तार न्हाई लावायची!’

बुंध्याशी शेंदूर माखलेला देव होता. तो मला दिसलाच नव्हता! हिराबाईनं फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या त्याच्या दोन खांद्यांना चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ‘देवा, बाई तुझ्याच मेंढरांसाठनं आल्यात,’ एवढंच ती म्हणाली. वाऱ्याची झुळूक आली, उजवी पाकळी हळूच खाली उतरली. ‘दिला गं बाई!’ म्हणत तिनं खांद्यावरची घोंगडी काढली आणि साखळी काचू नये म्हणून बुंध्याभोवती लपेटली.

निर्णय घेण्याची किती सुंदर रीत ही! वैशाली विंच काढत होती तेवढ्यात मीही गुपचूप दोन पाकळ्या लावल्या. उजवी मोठ्या विंचासाठी, डावी लहानासाठी. वाट पाहिली. पाकळ्या हलेनात. हिराबाई जवळ येऊन पाहू लागली. ‘काय ईचारलं दाजी देवाला?’ मी ओशाळून म्हणालो, ‘काही नाही, असंच.’ ‘मग त्यो बी असंच बसलाय,’ ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली.

आधी मोठा विंच लागला. वैशाली एकटी दांडा पुढेमागे करू लागली आणि जीप निमूटपणे चिखलातून वर येऊ लागली. ना आरडाओरडा, ना शिंतोडे. मी काय करू, असं विचारलं तर म्हणाली, तारेपासून लांब उभे राहा. मी लांब उभा राहिलो, कुणाच्याच ओळखीच्या नसलेल्या वऱ्हाड्यासारखा. खरं सांगतो, मला रडू आलं. एवढं चोख काम करणाऱ्या यंत्राचा माणसानं रागराग करावा का? पण मी केला.

गाडी अर्ध्या चढावर आली तशी वैशाली थांबली. ‘हा कळला. आता दुसरा,’ म्हणाली. लहान विंच लागला, वीतभर गाडी सरकली आणि तार संपली. ‘अहो, दगड!’ मी धावलो. वाकता येत नव्हतं, म्हणून पायानंच धोंडा रेटत चाकामागं नेला. पुन्हा ओढणं, पुन्हा ‘दगड!’ ‘अहो, त्या नाही, उजव्या चाकाला! डावं-उजवं कळत नाही आणि म्हणे कौल लावतात!’ म्हणजे तिनं पाहिलं होतं तर! तिचा आवाज चढला, माझाही चढला. ‘नवराबायकू भांडत्यात का गाडी काढत्यात?’ असं हिराबाई वरून विचारती झाली. किती वेळ गेला कोण जाणे. जीप माथ्यावर आली तेव्हा माझी बोटं ठेचकाळली होती आणि मी मात्र कितीतरी महिन्यांनी घामाघूम झालो होतो.

मेंढरांना औषध पाजून, संध्याकाळी घरी परतल्यावर पाहिलं, तर दांड्यानं तिच्या तळव्याचं कातडं सोललं होतं. हळदीची वाटी घेऊन मी तिच्यासमोर बसलो आणि प्रामाणिकपणे मोठ्या विंचाची वकिली केली. तो वेळ वाचवतो, हात वाचवतो, सगळंच वाचवतो. ती ऐकत होती, तळव्यावर फुंकर घालत होती.

‘मोठा परत करून टाका,’ ती म्हणाली.

माझा पार गोंधळ उडाला. ‘अगं, पण मोठ्याला एकटं माणूस पुरतं! लहानाला प्रत्येक वेळी दगड लावायला दुसरं माणूस लागतं!’

‘मग लागू दे की,’ ती म्हणाली, आणि या वेळी तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी हळद तिच्या तळव्यावर हलकेच दाबली. धुऊनही वंगण पुरतं गेलं नव्हतं. दोन्ही मिसळली आणि तोच बिननावाचा वास घरभर पसरला. मोठा विंच अण्णांकडे पाठवायचा, आणि दगड रेटायला जाड तळव्याचे बूट घ्यायचे, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं. रंगसुद्धा ठरला. काळा.