पायाला हात लागला तेव्हा

मला पोहायला कोणी शिकवलं नाही. रेवदंड्याच्या खाडीकाठी वाढलेल्या पोरीला ते वेगळं शिकवावं लागत नाही. पाटी वाचायला मात्र शाळा-कॉलेजात जावं लागतं, आणि आमच्या घरात ते पहिल्यांदा मी केलं. बी.कॉम. झाले. म्हणून पाठदुखीसाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, तेव्हा तालुक्याच्या तरणतलावावर पहिल्याच दिवशी मी नियमांची पाटी दोनदा वाचली. आधी अंघोळ करा. टोपी घाला. दोन दोऱ्यांमधल्या पट्ट्यात जाताना डावी बाजू, येतानाही डावी बाजू. म्हटलं, रस्त्यासारखंच आहे की!

बायकांच्या बॅचला आमच्या पट्ट्यात आम्ही चौघी होतो. तिसऱ्या फेरीत मागून माझ्या पायाला काहीतरी लागलं.

खाडीत पायाला काही लागलं तर एक तर शेपटीला विषारी काटा असलेलं पाकट असतं, नाही तर कुणाचं जाळं. तिथे विचार करत बसायचं नसतं. मी सणसणीत लाथ मारली.

वळून बघते तर पासष्टीच्या एक बाई एका हाताने दोरी धरून दुसऱ्या हाताने गॉगल शोधत होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, हे त्यांच्या आवाजावरूनच कळलं.

"लाथ काय मारता?"

"तुम्ही पाय का धरलात?"

"धरला नाही, हात लावला. पुढे जाऊ का, असं विचारत होते."

"मग तोंडाने विचारायचं!"

"तोंड पाण्यात असतं, बाई!"

कोच मॅडम शिट्टी वाजवत आल्या. पायाला हलका हात लावला की मागचीला वाट हवी असते, पुढचीने भिंतीपाशी कोपऱ्यात थांबून ती द्यायची, असं त्यांनी समजावलं.

"पाटीवर कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

"सगळं लिहावं लागतं का? पुन्हा लाथ मारलीत तर छोट्या तलावात पाठवीन."

छोट्या तलावात म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात, फळी धरून पाय झाडणाऱ्या पोरांच्यात. खाडी आरपार केलेली मी!

घरी येऊन आईला सांगितलं. आई माझ्या बाजूने उभी राहिली. "पान्यान पाय धरल्यावर लाथ नाय मारायची त काय आरती ववालायची? बरा केलास." मग बोंबील साफ करता करता थांबली. "पन तिला तुझे फुडं कशाला जावाचा व्हता?"

मी साफ झालेले बोंबील धुवायला घेतले. पासष्टीची बाई माझ्यापेक्षा जोरात पोहत होती, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी मी पोहायच्या आधी त्यांच्याकडे गेले. "काल लागलं का हो?"

"गॉगलला लागलं. तुम्ही मान वर काढून का पोहता?"

"समोरचा काठ दिसायला नको?"

"इथे काठ कुठे जात नाही. तोंड पाण्यात घाला, वेग वाढेल. मग माझा हात तुमच्या पायापर्यंत पोचणारच नाही."

महिनाभर नाकातोंडात क्लोरीनचं पाणी गेलं. त्यांचा हात पायाला लागला की माझी बोटं आखडायची. काठावरून कोच मॅडम माझ्याच पायांकडे बघत असायच्या. पण मी लाथ आवरली, दरवेळी कोपऱ्यात थांबले, वाट दिली.

मग एक दिवस तोंड पाण्यात असतानाच समोर मुख्याध्यापिकाबाईंचे पाय दिसले. वडीलधाऱ्या बाईंना असं बाजूला सरकवायचं, जिवावर आलं. तरी हलकेच हात लावला. भिंतीपाशी त्या कोपऱ्यात थांबल्या, आणि वर्गात उशिरा आलेल्या मुलीला बोलवावं तसा हात केला. "या, या, पुढे या!"

मी निघाले. एवढी मान ताठ पदवीदान समारंभातही नव्हती. पण तोंड पाण्यात असल्यामुळे ती कुणाला दिसली नाही.

अर्धा पट्टा गेला असेल, एवढ्यात माझ्या पायाला हात लागला. कॉलेजातली पोरगी होती, आदल्याच आठवड्यात बॅचला आलेली. पाय आपोआप मागे आखडला. श्वासाला तोंड वळवलं, तर काठावर कोच मॅडमची शिट्टी तोंडापर्यंत गेलेली.

मी पाय सरळ केला, भिंतीपर्यंत गेले, कोपरा धरला.

"जा गो बाय, जा," म्हटलं.

मॅडमनी शिट्टी खाली सोडली.