हिरव्या चिंधीच्या माळा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडले तरी तोंडातून दुसरंच काहीतरी येतं — पाऊस बरा पडू दे, लेकीचं बरं होऊ दे. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या सेक्टरच्या बाजारात शेजारी उभ्या राहून मिरच्या निवडल्यात, तरी मला कळणार नाही की तुम्हाला माहीत आहे. एवढं सोयीचं माणूस घरात मिळत नाही.

मी घाईची बाई. काम हातात आलं की उरकायचं आणि पुढचं घ्यायचं. त्या वेळी आमच्या शेतांवर नव्या शहराचा भराव चालू होता, बुलडोझर दिवसभर घरघरत असायचे. गावातल्या ठमाआत्याने माझं नाव बुलडोझर ठेवलं. मला राग नाही आला. कामाला वाघ आहे असाच त्याचा अर्थ मी लावून घेतला.

मग हौसा आली. माझी धाकटी जाऊ, जासईची. मी घरात येऊन सहा वर्षं झाली होती. ती डावखुरी. डाव्या हाताने मासळी कापायची, डाव्या हातानेच रांगोळी काढायची. सासूने पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घातल्या आणि महिन्याभरात म्हणायला लागली, कालवण हौसाच करेल. सहा वर्षं मी रांधत होते त्या घरात. सासरेबुवा जेवताना कधी बोलत नसत, ते पहिल्यांदा बोलले — अजून आहे का गं? तिला विचारलं. वाढत मी होते.

हसू येतंय का? मलाही आता येतं. तेव्हा नाही आलं. तेव्हा मी तिच्या हातांकडे बघायची, चोरून, जसं कुणी दुसरीच्या दागिन्यांकडे बघतं. गोरेपान नव्हते, नाजूक नव्हते. पण ज्याला लागतील ते चांगलं व्हायचं. माझं नुसतं व्हायचं.

आता कालवांचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमचं गाव तुर्भ्याच्या पुढे, खाडीला लागून. भरतीचं पाणी आत शिरून साचतं तसं उथळ खाजण आहे — होतं. ओहोटीला आम्ही बायका तिथे दगडाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्यातली मासळी, फोडून आणायचो. शेतं गेल्यावर एक साहेब आले, मासळीखात्यातले. त्यांनी सांगितलं की कालवं नुसती वेचायची नसतात, ती लावताही येतात. रिकामे शिंपले दोरीत ओवायचे, दोन शिंपल्यांमध्ये बांबूचं कांडं घालायचं, अशी माळ करायची. पाण्यात बांबूचा मांडव उभारून त्यावर ती टांगायची. पाण्यातून कालवांची पिल्लं वाहत असतात, डोळ्यांना न दिसणारी. स्वच्छ शिंपला मिळाला की ती चिकटतात. त्याला बी धरणं म्हणतात. धरलेलं बी वाढतं, त्याचीच कालवं होतात.

पाच बायका निवडल्या. प्रत्येकीने दहा माळा करायच्या. पाणी कुणाला कमी, कुणाला जास्त असं नको म्हणून साहेबांनी सगळ्यांच्या माळा एकाच मांडवावर मिसळून, जिच्या तिच्या हाताने बांधून घेतल्या. ओळखायला खूण म्हणून ज्या त्या बाईने आपल्या लुगड्याची चिंधी माळेच्या वरच्या टोकाला बांधायची. माझी तांबडी. हौसाची हिरवी.

आणि साहेब म्हणाले, खात्याचं शिकवणीचं केंद्र निघणार आहे, तिथे बायकांना हे दाखवायला एक बाई लागेल. कायमची नोकरी. जिच्या माळांवर बी जास्त, ती बाई.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. सांगायला नको वाटतं, म्हणून हवीच. शेतं गेली त्या बदल्यात आमच्या घराला एक नोकरी मिळाली होती. ती थोरला म्हणून माझ्या नवऱ्याला लागली. धाकट्याला, हौसाच्या नवऱ्याला, काही नाही. शेत गेलं आणि तो मुकादमाच्या दारात उभा राहायला लागला. एका घरातले दोन भाऊ, तोवर चूलही वेगळी झालेली. म्हणजे ही केंद्रातली नोकरी कुणाला लागायला हवी होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं.

मी माझ्या दहा माळा एका दिवसात केल्या. शिंपले जसे मिळाले तसे ओवले. हौसा आठ दिवस बसली. एकेक शिंपला घासायची, उन्हात घालायची, पालथा करून ओवायची — खोलगट बाजू खाली, सगळ्यांची. मी म्हटलं, तुला काय लग्नाला घालायच्या आहेत का या?

"वर गाळ बसतो गं बाय," ती म्हणाली. "पोरांनी बसायचं कुठं? तेंना छप्पर नको?"

ठमाआत्या तिथेच बसली होती. माझ्या माळेकडे बघून म्हणाली, "बुलडोझरबाय, तू ओवलंस का भराव घातलास?"

सगळ्या हसल्या. हौसासुद्धा. मीही हसले, बरं का. सगळ्यांत मोठ्याने.

दीड महिन्याने जासईहून निरोप आला की हौसाची आई पडली, पाय मोडला. हौसा निघाली. जाताना माझ्या दारात आली. दर ओहोटीला माळा हलवून गाळ झाडावा लागतो, तेवढं काम मला सांगायला.

"माझ्या माळांना आंघोळ घालशील न गं, बाय? गाळ बसला की गुदमरतात ती. आठ दिवसांत येते मी. तुझ्यावाचून कोनाला सांगू?"

मी घालीन म्हटलं. आणि घातली. रोज घातली — हे तुम्हाला विचित्र वाटेल. मी गुडघाभर चिखलात उतरायची, तिच्या माळा पाण्यात खळबळून काढायची, माझ्यासारख्या घाईने नाही, जपून. पालथ्या शिंपल्यांच्या आत बी असं दाटून धरलं होतं, की बोट ठेवायला जागा नाही. पिल्लं नखाएवढी झाली होती. माझ्या माळांवर? एखादं इकडे, एखादं तिकडे, बाकी गाळ आणि शेवाळ. रोज मी हे दोन्ही बघायची. रोज.

सहाव्या दिवशी मी चिंध्या बदलल्या.

दुपार होती. लख्ख ऊन. मांडव ओहोटीत उघडा पडलेला, बाकीच्या बायका वर बांधावर भाकरी खात होत्या. मी माळा धुते आहे असंच त्यांना दिसत होतं. हिरव्या दहा सोडल्या, तांबड्या दहा सोडल्या, उलट बांधल्या. माझं काम पटापट, तुम्हाला सांगितलंच. मध्ये थांबले का? नाही. मागे वळून बघितलं का? तसंही काही आठवत नाही. मी वर येऊन हात धुतले आणि त्यांच्यात भाकरी खायला बसले. ठमाआत्याने मला लोणच्याची फोड दिली. म्हणाली, जावेच्या माळा कोण धुतं गं या दिवसांत? तुझं काळीज मोठं हाय.

ती फोड मी खाल्ली.

आठव्या दिवशी हौसा आली, नवव्या दिवशी साहेब. पाची जणी पाण्यात उतरलो. आपापल्या चिंधीच्या माळा काढून बांधावर आणायच्या होत्या. हौसाने हिरवी चिंधी बघून पहिली माळ काढली, शिंपला उलटा केला आणि बोटाने गाळ पुसून बघितला. दुसरी काढली. तिसरी. मी तिच्याकडे बघत नव्हते, पण दिसत होतं सगळं. मी माझ्या — तांबड्या चिंधीच्या — माळा सोडत होते. भरल्या माळा जड असतात. ती आपलं सोडून मला हात लावायला आली. तशीच होती ती.

माळ बांबूला बांधलेल्या जागी तिने हात घातला आणि तिचा अंगठा गाठीवर थांबला.

चिंधी मी बदलली होती, पण दोरीची गाठ तीच होती. डाव्या हाताच्या माणसाने मारलेल्या गाठीचा पीळ उलटा पडतो. त्या मांडवावर तसा पीळ एकाच बाईचा. हे मला तेव्हा, त्या क्षणी सुचलं. चिंध्या सोडताना नाही सुचलं — घाईत होते ना.

ती गाठ बघत राहिली. मग तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वाट बघितल्यासारखं. किती वेळ? एक लाट येऊन गेली असेल, दोन आल्या असतील. मी एक शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. "चुकलं" म्हणायला किती वेळ लागतो?

बांधावरून साहेबांनी विचारलं, काय झालं?

"काय नाय सायेब," हौसा म्हणाली. "जड हाय माळ."

आणि तिने ती माझ्या खांद्यावर ठेवली.

नोकरी मला लागली. गावात म्हणाले, घरातच आली, कुणाच्या का नावाने असेना. मीही बरीच वर्षं असंच म्हणत होते. ते खोटं आहे. माझ्या घरी दोन पगार आले आणि तिच्या घरी एकही नाही. आम्ही सेक्टरात राहायला आलो, नळाचं पाणी, गॅलरी. हौसा रबाळ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाते, खोकी भरते. ते हात. सासूला ती एकदा म्हणाली होती, मी ऐकलं, "माझ्या हाताला कालवं नाय लागली, आये, जाऊ दे." सासूने तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्याचाही मला हेवा वाटला. होय, तेव्हाही. मिळायचं ते सगळं मिळाल्यावरही.

केंद्रात मी दहा वर्षं बायकांना शिकवते आहे. शिंपला घासा, उन्हात घाला, पालथा ओवा. पोरांना छप्पर नको का, असं मी म्हणते, आणि बायका हसतात. नवे साहेब म्हणतात, तुमच्या हाताला गुण आहे. मी मान डोलावते.

तिला कळलं होतं का? कळलं असेल तर ती गप्प का राहिली — थोरली जाऊ म्हणून? घराची शोभा होईल म्हणून? की मी बोलेन म्हणून, आणि मग मी बोलले नाही म्हणून? पूर्वी मी यावर पुष्कळ डोकं चालवायची. आता नाही चालवत. ती का गप्प राहिली हा तिचा प्रश्न. गप्प मी का राहिले, ते मला माहीत आहे. मला त्या माळा हव्या होत्या.

खाजण आता बुजलं. मांडव होता तिथे ट्रक उभे असतात. सणाला आम्ही गावी जातो, हौसा बाजारातून कालवं आणून कालवण करते, पहिलं ताट मला वाढते. मी जेवते.

तांबड्या चिंधीच्या त्या दहा माळा हौसाच्या होत्या. हिरव्या चिंधीच्या, गाळाने भरलेल्या, त्या माझ्या.