आमदार प्रत्येक तेरवीला येतात

मंडळी, आज सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात तेरवी होती. शेजारचे गोविंदाभाऊ धानाच्या बांधीत वाघाच्या हल्ल्यात गेले, त्यांची.

आमदार आले. पंगतीत सगळ्यांसोबत खाली बसून जेवले. आमच्याकडे पुढाऱ्याचं काम असंच मोजतात. लग्नाला आला का, तेरवीला आला का.

"आपला आमदार हरेक तेरवीले येते," सरपंच कौतुकानं म्हणाले.

मला राहवलं नाही. विधानसभेत कोणी काय प्रश्न विचारले ते वेबसाईटवर दिसतं. मी मोबाईलवर आमदारांचे शोधले. रस्ते होते, बदल्या होत्या, सिमेंट कारखानाही होता. वाघाबद्दल एकही नाही. सरपंचांना दाखवलं, तर ते चिडले.

"पंगतीत राजकारण काऊन आणून राह्यला बे?"

गोविंदाभाऊंची मुलगी वरण वाढत होती. तिनं वाकून मोबाईल पाहिला.

"राहू द्या सरपंचभाऊ. पुढच्या तेरवीलेही येतीन ते."

आमदार तेव्हा हात धूत होते. त्यांनी ऐकलं का, ठाऊक नाही.

तुमचाही आमदार तेरवीला येत असेलच. ती वेळ कुणावर येऊ नये म्हणून त्यानं विधानसभेत काय विचारलं, ते कधी पाहिलंय?