मालूआत्या खड्ड्यात पडली तेव्हा

आमच्या आईनं निवृत्त झाल्यावर एका राक्षसाचा जीव घ्यायचं ठरवलं. तोही दुपारी एक ते चारच्या मध्ये, आणि अजिबात आवाज न करता.

राक्षस कम्प्युटरवरच्या गेममधला होता. नव्वदचं दशक संपत आलेलं. डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत पहिला कम्प्युटर आमच्याकडे आला, कारण मी ठाकुर्लीच्या क्लासमधून डिप्लोमा केला होता (सर्टिफिकेट बैठकीच्या भिंतीवर, आजोबांच्या फोटोच्याही वर!). एका मित्रानं त्यात एम्युलेटर टाकून दिला. म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्याचं सोंग कम्प्युटरनं घ्यायचं. शिवाय खेळ हवा तिथे थांबवून 'सेव्ह' करायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे! चारच्या ठोक्याला चहा टाकायला उठणाऱ्या आईला हे फारच सोयीचं होतं.

अडचण एकच, बाबांची वामकुक्षी. ती मोडली तर संध्याकाळपर्यंत घरात कुणाची धडगत नसे. म्हणून मी एम्युलेटरचा आवाजच बंद करून ठेवला. आई महिनाभर तशीच खेळली आणि थेट राक्षसाच्या किल्ल्यात पोचली. तिथे मात्र तोफांपुढे अडली. न राहवून तिनं ठाण्याला मालूआत्याला, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीला फोन केला. आत्याच्या नातवाकडे खराखुरा गेमचा डबा होता, आणि त्यात हाच गेम.

"गोळा सुटायच्या आधी शिट्टी वाजते वहिनी, ती ऐकून उडी मारायची," आत्या म्हणाली. "पण तुम्ही आणि किल्ल्यात? काहीतरीच! आमच्या नातवालासुद्धा तिथवर पोचायला वर्ष लागलं."

"रविवारी जेवायलाच या वन्सं," आई म्हणाली. "पुरणपोळी खा, आणि राक्षस मरताना बघून जा."

रविवारी जेवणं झाल्यावर बाबांनी चक्क वामकुक्षीचा त्याग केला. मी ऐटीत आवाज चालू केला. आईनं सेव्ह केलेला किल्ला उघडला. किल्ला आला, तोफा आल्या, शिट्टी काही येईना!

"मुका दिसतोय हो तुमचा किल्ला," आत्या पान लावत म्हणाली.

"थांबा, मी बघतो!" (या वाक्यानं आमच्या घराचं आजवर फार नुकसान केलंय.) मी वायरी उलटसुलट केल्या. स्पीकरला दोन थोबाडीत दिल्या. मग कॅबिनेट उघडून साउंड कार्ड काढलं आणि खोडरबरानं घासून परत बसवलं. आता स्क्रीनच काळा!

"अरे, माझी महिन्याची मेहनत आहे ती," आई रडकुंडीला आली. "गेली का रे?"

पुन्हा सगळं उचकटून बसवलं तेव्हा कुठे स्क्रीन उजळला. तेवढ्यात बाबांनी कुठलंसं बटण दाबलं आणि नवाच गेम सुरू झाला. ढँण टढँण! दणक्यात संगीत!

"येतोय की आवाज!" बाबा म्हणाले.

आईनं घाईघाईनं आपला किल्ला उघडला. पुन्हा चिडीचूप.

"सोपं आहे," बाबा म्हणाले. "हिनं सेव्ह केलं तेव्हा मी झोपलेलो, आवाज बंद होता. जसं होतं तसंच जपून ठेवलंय त्यानं. शांततेसकट."

"बाबा, कम्प्युटर असा चालत नाही," मी सर्टिफिकेटकडे बघत म्हणालो. (तो अगदी असाच चालतो.)

"म्हणजे आता पहिल्यापासून खेळायचं?" आईचा आवाज इतका बारीक झाला की मला फार वाईट वाटलं.

"सरका वहिनी, मला बघू दे," म्हणत आत्यानं कीबोर्ड ओढला. आयुष्यात पहिल्यांदाच एक बटण दाबलं आणि आईचा वीर सरळ आगीच्या खड्ड्यात!

"अगं बाई, मेला!"

"वन्सं!!" आई किंचाळली.

वीराचे दोन जीव शिल्लक होते. तो किल्ल्याच्या दारात पुन्हा उभा राहिला आणि घर हादरलं. ढोल, ताशे, तुताऱ्या! वीर मेल्यावर गेमनं किल्ला नव्यानं मांडला होता, आणि त्याबरोबर संगीतही नव्यानं सुरू केलं होतं.

"आपण मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही म्हणतात ना, ते हे!" बाबा ओरडले.

आईनं पदर खोचला. शिट्टी, उडी. शिट्टी, उडी. शेवटची तोफ मागे पडली. राक्षस पुढे आला, तिनं त्याला असा बडवला की गादीसुद्धा कुणी इतकी झोडपली नसेल. राक्षस कोसळला! बाबा टाळ्या पिटत होते, मला नाचावंसं वाटत होतं, आणि "मानलं वहिनी, मानलं!" म्हणत आत्यानं आईला मिठीच मारली.

एवढा गोंधळ ऐकून इमारतीतली निम्मी माणसं दारात जमली. आत्यानं प्रत्येकाला, किल्ल्याचा आवाज आपण कसा दुरुस्त केला, ते साभिनय सांगितलं.

पुढच्या आठवड्यात समोरच्या काकांनीही कम्प्युटर घेतला आणि तो चारच दिवसांत बंद पडला. काका धावत आमच्याकडे आले. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन लगेच पायात चपला सरकवल्या.

"तू बस रे," काका म्हणाले. "मी विचारायला आलोय, आत्या ठाण्याहून परत कधी येणार?"