नो कमेंट्स आणि मावशींची वाट

शाळेत माझं एक ब्रीद होतं, ‘नो कमेंट्स’. स्टाफरूममध्ये कुणाचंही भांडण लागो, चहाचा घोट घेत मी हे दोन शब्द टाकायचो आणि मोकळा व्हायचो. लोक मला हुशार समजत. मीही समजायचो, खोटं कशाला बोलू!

केनवडजवळ आमचं थोडं शेत आहे. दिवाळीच्या आधी शेजारच्या शेतकऱ्याने मधली गाडीवाट नांगरून टाकली. त्या वाटेच्या पलीकडे मावशींचं तीन एकर; नात्याच्या नाहीत, पण सगळे त्यांना मावशीच म्हणतात, बाई एकटी. सोयाबीन सोंगून गंजी लावलेली, थ्रेशर आत जाईना आणि आभाळ रोज भरून येई. त्यांचं अख्खं वर्ष त्या गंजीत होतं.

मावशींनी अर्ज केला. तलाठी पंचनाम्याला आले, शेजारी म्हणून मलाही बोलावलं. पंचाईत अशी, की वाट नांगरणारा तो शेतकरी माझा जिवलग मित्र. रिसोडला दूध घालायला जाताना रोज मला मोटारसायकलवर शाळेपर्यंत सोडायचा.

तो सगळ्यांसमोर म्हणाला, “इथं वाट नोतीच कधी. इचारा सरले.”

तलाठ्यांनी माझ्याकडे पाहिलं. सवयीने तोंडातून निघालं, “नो कमेंट्स.”

मावशी पुढे आल्या. चिडल्यासुद्धा नाहीत.

“सर, मले इंग्रजी समजत नाई. तुमचा बैल बसला तवा तुमच्या बाबाची तूर माह्या बैलबंडीत याच वाटेनं घरी गेली. तुमी वर बसले होते. वाट होती का नोती, तेवढं सांगा.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं मी भित्रेपणालाच हुशारी म्हणत आलो होतो.

“होती,” मी म्हणालो, आणि पंचनाम्याखाली पूर्ण सही केली.

“तू काहून मधात पडला?” एवढंच बोलून मित्र निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्याची गाडी माझ्यासमोरून न थांबता जाऊ लागली. वाईट वाटलं, नाही कसं! मी एसटीची वाट बघू लागलो.

वाट मोकळी झाली, तीही पाऊस यायच्या आत. एका सकाळी स्टॉपवर उभा होतो, तर सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर थांबला. मडगार्डवर मावशी.

“जय भीम, सर! उभे काहून? चढा, शाळेपाशी उतरून देऊ.”

लहानपणी बंडीत चढलो होतो, तसाच चढलो.

“काय सर, आज ट्रॅक्टरवर?” स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारलं. मी चहा बाजूला ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली, वाट नांगरणाऱ्याच्या नावासकट.