डोळा जागा होईपर्यंत

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ म्हणे जगाला दिसतं. थापा! माझ्या डोळ्यात खरोखरचं कुसळ गेलं होतं, तर आमच्या अख्ख्या लामता गावात ते कुणाला दिसेना.

साठ सालानंतरची गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. खळ्यावर धानाची मळणी चालली होती. एकाएकी वारं फिरलं आणि माझा डावा डोळा जो मिटला, तो उघडेचना. आमच्या सासूबाई या कामात नावाजलेल्या. कुणाच्या डोळ्यात काही गेलं की लोक त्यांच्याकडेच येत. त्या चूळ भरत, पापणी उलटी करत आणि जिभेच्या टोकानं कण अलगद काढून घेत. आज ऐकून तुम्ही तोंड वाकडं कराल, पण तेव्हा आम्हाला तोच इलाज ठाऊक होता. माझ्याही डोळ्याला त्यांनी जीभ लावली. एकदा, दोनदा, परत एकदा. कुसळ निघालं नाहीच, उलट डोळा सुजून लालबुंद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीनं आम्ही दोघी बालाघाटला निघालो. मळणी अर्ध्यावर होती म्हणून नवरा मागं राहिला. वाटेत मी पाण्याचा लोटा पुढं केला तर सासूबाईंनी मान फिरवली. म्हटलं, झालं! ऐन मळणीत सून आजारी पडली, त्याचा राग. माझ्या डोक्यात मात्र एकच: डोळा गेला तर काणी सून कोण घरात ठेवून घेईल?

दवाखान्यातले डॉक्टर हिंदी बोलणारे आणि तुसडे. त्यांनी डोळ्यात थेंब टाकले. आधी चुरचुरलं, मग डोळा जणू माझा राहिलाच नाही. सुई जवळ येताना दिसत होती, पण लागत कुठंच नव्हती. कापसावर त्यांनी कुसळाचा तुकडा दाखवला. एवढंसं! त्याच्यासाठी मी रात्रभर तळमळले होते. मलम घालून त्यांनी पट्टी बांधली. मी खुशीत उठले, म्हटलं, "चला आत्याबाई, बरा झाला डोळा. गाडी भेटंन."

"बैठो!" डॉक्टर गरजले. "ठीक नहीं हुई है, सुन्न हुई है. अभी हाथ लगाओगी, रगड़ोगी, तो पता भी नहीं चलेगा. गाड़ी में कोयला उड़ता है. आँख जागेगी, मैं देखूँगा, तब जाना."

सासूबाईंनी पदर सावरला. "साहेब, ते शिशी आमाले द्या ना. घरी दुखलं त टाकू."

"बिलकुल नहीं. इससे दर्द मरता है, घाव नहीं भरता. बार-बार डालोगी तो आँख में फूला पड़ जाएगा, सफ़ेद दाग."

माझा नुसता संताप झाला. दुखणं घालवणारी दवा हाताशी असून हा बाबा देत नाही म्हणजे काय! मनातल्या मनात मी त्यांना काय काय म्हटलं, ते लिहिण्यासारखं नाही. आज या वयात त्याच डाव्या डोळ्यानं सुईत दोरा ओवते. देव त्यांचं भलं करो, शिशी दिली नाही हे फार बरं केलं.

व्हरांड्यातल्या बाकावर सासूबाईंनी मला आपल्या बरोबरीनं बसवलं. घरी त्यांच्यासमोर मी कधी खाटेवर टेकलेही नव्हते. डोळ्याला हात जाऊ नये म्हणून त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरून ठेवली.

"दुखते काय वं?"

"नाही, आत्याबाई."

जरा वेळानं परत, "दुखते काय?" परत नाही. गाडीची शिटी झाली, गाडी गेलीसुद्धा. मी वैतागून म्हटलं, "काहून सारखं सारखं विचारता?" त्यांनी मनगटं आणखी घट्ट धरली.

आणि एकाएकी डोळ्यात कुणी तिखट घातल्यागत झालं. "आई गं! दुखते, आत्याबाई, लय दुखते!"

त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "दुखलं वं माय! दुखलं एकदाचं!"

शेजारची बाई डोळे फाडून बघत राहिली. सून कळवळते आणि सासू हात जोडते! तिनं गावभर सांगितलं असणार.

डॉक्टरांनी पट्टी सोडली, बोटं दाखवली. मी बरोबर सांगितली. "बच गई आँख," ते म्हणाले आणि पहिल्यांदा हसले.

परत बाकावर आलो तर सासूबाई म्हणाल्या, "तो लोटा दे इकडं."

त्या घटाघटा प्यायल्या. पाणी हनुवटीवरून लुगड्यावर सांडत होतं.

"कालपासून पाणी नाही पेल्या काय तुमी?"

"माह्या जिभेनंच ते कुसळ आत घुसलं असंन, असं वाटे वं पोरी. तुह्या डोयाचं समजत नाही तोवर त्या जिभेवर पाणी नाही ठेवाचं, असं ठरवलं होतं."

लोटा रिकामा झाला होता. मी नळावरून भरून आणला, तोही त्या सगळा प्यायल्या.